चिमणीची सहावी आवृत्ती

चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या नेहमीसारख्या गरागरा फिरत होत्या, पण त्यांच्या मधोमध उभ्या असलेल्या चांद्रवाहन नियंत्रण केंद्रात सगळं ठप्प झालं होतं. भिंतभर पडद्यावर चंद्राचा नकाशा होता. त्या नकाशावर एक हिरवा ठिपका लुकलुकायला हवा होता आणि तो नव्हता.

उर्वी तांबट दारातच थबकली. दहावी ब, निळा गणवेश, पाठीवर दप्तर, एका हाताच्या बोटांना अजून भूगोलाच्या नकाशाचा हिरवा रंग. पहिल्याच तासाला शिपाईकाका वर्गात आले होते, "तांबट, दप्तर घेऊन चल." शाळेबाहेर केंद्राची जीप. साताऱ्यापासून घाटभर तिने ड्रायव्हरकाकांना भंडावून सोडलं, पण त्यांचं आपलं एकच, "मॅडम सांगतील."

"हेमांगी ठीक आहे," डॉ. सलमा मुजावर तिला बघताच म्हणाल्या. केंद्राच्या या प्रमुख बाई महत्त्वाचं आधी सांगायच्या, नमस्कार-चमत्कार नंतर. "निदान सव्वाआठपर्यंत तरी ठीक होती. बस आधी."

उर्वी बसली. हेमांगी म्हणजे तिची आत्या. पाच महिन्यांपासून चंद्रावर राहून एकटीच चांद्रगाडी चालवणारी, लाव्हारस वाहून गेल्यावर जमिनीखाली उरलेल्या प्रचंड बोगद्यांचे नकाशे काढणारी आणि दर रविवारी फोनवर "काय गं टवळे, अभ्यास?" असं विचारणारी आत्या.

"तिचा शेवटचा संदेश वाच."

पडद्यावर अक्षरं उमटली. 'मागे दरड कोसळली. परतीची वाट बंद. मी धडधाकट. बॅटरी चौदा किलोमीटरची, हवा दहा तासांची. गाडीचा संदेशमनोरा वाकलाय, त्यामुळे हे वाक्य पुरं होईल की'

वाक्य पुरं झालं नव्हतं.

"आता ऐक," मुजावर मॅडम म्हणाल्या. "बोगद्याला तीन तोंडं आहेत. उत्तरेचं अकरा किलोमीटरवर, पण तिथे सुट्या दगडांचा चढ. पश्चिमेचं बारावर, सपाट आहे पण गारठलेल्या सावलीत, बॅटरी तिथे लवकर बसते. पूर्वेचं तेरावर, उन्हात, चढ बेताचा. तिची बॅटरी एका तोंडापर्यंत पोचवेल, दुसऱ्याकडे वळायला उरणार नाही. आपली बिनमाणसाची मदतगाडी तळावरून कुठल्याही तोंडाशी सहा तासांत जाते. पण एकीकडून दुसरीकडे जायला मध्ये डोंगर. आणि हेमांगीच्या गाडीच्या मोठ्या मनोऱ्याशिवाय बोगद्यात आपले संदेश शिरत नाहीत, म्हणून मदतगाडी आत घालता येत नाही."

"म्हणजे एकच तोंड निवडायचं," उर्वी म्हणाली.

"आपण एक, तिने एक. आणि दोन्ही तेच निघालं पाहिजे."

"उत्तर," मागून आवाज आला. निरंजन कुलथे, केंद्राचे गाड्यांचे तज्ज्ञ. त्यांचे केस पवनचक्कीच्या वाऱ्याने कायमचे एका बाजूला गेले होते. "मी गाडीत असतो तर जवळचं तोंड गाठलं असतं. माझी सहकारी म्हणते पश्चिम. मॅडम, आमचं आमच्यात जमेना आणि तुम्ही शाळेतून पोरगी उचलून आणलीत!"

"पोरगी नाही, चिमणी आणलीय," मॅडम म्हणाल्या. "उर्वी, काढ."

उर्वीने दप्तरातून शाळेचा जुना लॅपटॉप काढला. त्याच्या झाकणावर एक गुबगुबीत चिमणी चिकटवलेली होती.

आता ही चिमणी म्हणजे काय, ते सांगायला हवं. जगभरच्या विद्यापीठांनी मिळून 'गरुड' नावाचं एक अवाढव्य भाषाप्रारूप बनवून सगळ्यांसाठी खुलं केलं होतं. उर्वीच्या शाळेतल्या सात जणांच्या गटाने आणि त्यांच्या विज्ञानाच्या बाईंनी त्या गरुडाला हजारो प्रश्न विचारून, त्याच्या उत्तरांवर एक छोटं प्रारूप शिकवून तयार केलं. गरुडाचा अर्कच म्हणा ना! तो इतका आटोपशीर झाला, की चांद्रगाडीतल्या बिस्किटाएवढ्या संगणकात मावला. वर आत्याशी बोलायला, नकाशे वाचायला, आकडेमोडीला तीच. केंद्राने चिमणी निवडली त्या दिवशी शाळेत पेढे वाटले होते.

"माझं क्षेत्र चाकं आणि मोटारी," कुलथे म्हणाले. "मला कोणीतरी सरळ भाषेत सांगा. ही चिमणी आत्याबाईंना निरोप पोचवणार आहे का?"

"नाही. निरोप जाऊच शकत नाही," मॅडम म्हणाल्या. "पण भाषाप्रारूप म्हणजे शेवटी काय? आकड्यांचा ढीग. तुमचे शब्द आत जातात, त्या आकड्यांशी गुणाकार-बेरजा होतात, पुढचा शब्द बाहेर पडतो. त्या आकड्यांना आपण भारांक म्हणतो. चिमणीत ते तीनशे कोटी आहेत. कंपन्यांच्या प्रारूपांचे भारांक कुलुपात असतात, ते कधी बदलले तेही आपल्याला कळत नाही. चिमणी मुक्तभारांक आहे. हेमांगीच्या गाडीतली आणि या लॅपटॉपमधली, शेवटच्या आकड्यापर्यंत एक."

"पण तेच विचारलं तरी ही यंत्रं दर वेळी वेगळं बोलतात! माझ्या घरातलं सकाळी एक सांगतं, दुपारी दुसरं."

"तो लहरांक, सर," उर्वीला राहवेना. "पुढचा शब्द निवडताना प्रारूपाला थोडी लहर ठेवतात, म्हणजे ते कंटाळवाणं होत नाही. ती किती ठेवायची त्याचा आकडा म्हणजे लहरांक. चंद्रावर लहर चालत नाही, म्हणून तिथे तो शून्यावर बांधलेला असतो. लहरांक शून्य, भारांक तेच, प्रश्न तोच, की उत्तर तेच. हजार वेळा विचारा."

कुलथ्यांचा हात केसांत गेला आणि तिथेच राहिला. "म्हणजे आत्याबाई अंधारात बसून चिमणीला विचारणार, कुठं जाऊ. आणि तेच आपण इथे विचारलं..."

"तर ती त्यांना काय सांगते ते आपल्याला कळेल. एकही संदेश न पाठवता!"

"बाई गं," कुलथे खुर्चीत बसले. मघापासून ते उभेच होते.

"फक्त एक," मॅडम म्हणाल्या. "आपल्याकडे चिमणीची नववी आवृत्ती आहे. गाडीत सहावी. ती उड्डाणाच्या दिवसापासून बदललेली नाही. आपल्याला सहावीच हवी, हुशार नको. तिच्या सगळ्या चुकांसकट हवी."

सहावीचं नाव ऐकताच उर्वीने नजर लॅपटॉपकडे वळवली.

सहावी आवृत्ती मिळायला अडचण नव्हती. मुक्त प्रारूपांच्या भांडारात कुठलीही आवृत्ती पुसली जात नाही. पहिलीपासून नववीपर्यंत सगळ्या ओळीने ठेवलेल्या, प्रत्येकीखाली काय बदललं त्याची नोंद, जगातल्या कोणालाही वाचता येईल अशी. चार मिनिटांत सहावी लॅपटॉपवर उतरली. उर्वीने लहरांक शून्य केला, आत्याला माहीत असलेलं सगळं आत घातलं आणि आत्याच्या थाटात टाइप केलं, 'अगं चिमणे, अडकलेय बघ. उत्तरेला जाऊ, पश्चिमेला जाऊ, की पूर्वेला? एकच सांग.'

'पूर्वेला जा,' चिमणी म्हणाली.

"पूर्व?" कुलथे ओरडले. "सगळ्यात लांबचं? सरका, मी विचारतो." आणि त्यांनी दोन बोटांनी खडाखडा बडवलं, 'पूर्व, पश्चिम की उत्तर?'

'उत्तरेला जा.'

"बघा! उत्तरच!"

"आता पूर्व, उत्तर, पश्चिम असं विचारा," मॅडम शांतपणे म्हणाल्या.

'पश्चिमेला जा.'

बाहेर पवनचक्कीचं पातं घूं करून गेलं. "हिला काही पोचच नाही," कुलथे म्हणाले. "तीनदा विचारलं, तीन तोंडं दाखवली. मॅडम, उत्तरेला गाडी काढतो मी. साडेनऊ होऊन गेलेत."

त्या क्षणी उर्वीला गप्प बसता आलं असतं. कोणाला काही कळलं नसतं. कुलथे सर मोठे, मॅडम मोठ्या, निर्णय त्यांचा. तिला आपले कान तापल्याचं जाणवत होतं.

"तिला पोच आहे," ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की तिने पुन्हा म्हटलं. "तिला पोच आहे, सर. ती तिसरा पर्याय निवडते. चूक माझी आहे."

"नीट सांग," मॅडम म्हणाल्या.

"चिमणीला सरावासाठी आम्ही तीन-तीन पर्यायांचे चार हजार प्रश्न काढले. गटातल्या मुलांनीच. आणि आम्ही... म्हणजे मॅडम, आम्ही आयुष्यभर पेपर सोडवलेत, काढले कधीच नव्हते. आम्हाला वाटलं, बरोबर उत्तर पहिलंच दिलं तर कोण पुढचं वाचणार? म्हणून सगळ्यांनी ते मागे लपवलं. दर दहातल्या आठ प्रश्नांचं उत्तर 'क' झालं. चिमणी तेवढंच शिकली. सोप्या प्रश्नाचं उत्तर ती बरोबरच देते. पण तिन्ही पर्याय सारखेच वाटले, की सरळ 'क'. तपासायचं काम माझं होतं. यान उडाल्यावर आठवड्याने माझ्या लक्षात आलं. सातव्या आवृत्तीत मी दुरुस्त केलं, आणि नोंदीत... नोंदीत लिहिलं, 'किरकोळ सुधारणा'."

मुजावर मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"यावरून मी तुला रागावणार आहे," त्या म्हणाल्या. "आत्ता वेळ नाही, म्हणून तूच कुठेतरी लिहून ठेव. आता सांग, हेमांगी तीन तोंडं लिहील तेव्हा शेवटी कुठलं लिहील?"

आणि उर्वीला एकदम हसूच आलं. रडू यायच्या जागी हसू! कारण ते तर घरातल्या मांजरालाही माहीत होतं.

"आत्या आवडीचं शेवटी ठेवते! मॅडम, ती जेवताना आधी भाजी संपवते, मग आमटी-भात, आणि कंदी पेढा ताटाच्या कडेला तसाच. आम्ही पळवू नये म्हणून त्यावर वाटी पालथी घालते. साडी घ्यायला गेली तरी दुकानदाराला म्हणते, ती निळी दाखवा, ती हिरवी दाखवा, आणि बरं, ती जांभळी पण काढा. आणि जांभळीच घेते!"

"पेढ्यावरून मी सहा तासांचा प्रवास ठरवू?" कुलथे म्हणाले. पण या वेळी ते चिडून नव्हते बोलत.

मॅडमच्या बोटांनी मघाच काम सुरू केलं होतं. आत्याचं चिमणीशी झालेलं पाच महिन्यांचं बोलणं केंद्राकडे होतं, आजच्या सकाळपर्यंतचं. त्यातून त्यांनी तीन पर्याय विचारलेली सगळी वाक्यं गाळून काढली. "चौतीस वेळा. त्यानंतर तिने प्रत्यक्षात काय केलं तेही दिसतंय. एकतीस वेळा तिने शेवटचं लिहिलेलंच केलंय." त्या पडद्याकडे वाकल्या. "आणि हे मागच्या महिन्यातलं. 'उत्तरेचं भोक, पश्चिमेचं भोक आणि माझी खिडकी.' खिडकी कुठली?"

"पूर्वेची," कुलथे हळूच म्हणाले. "छत ढासळलंय तिथे. उतारावर गाडी लावली की समोर पृथ्वी दिसते. तिथे पोचल्या त्या दिवशी चाळीस मिनिटं उगाच थांबल्या होत्या. मी नोंद करून ठेवली होती, कारण नमूद नाही म्हणून."

पुढचं अगदी सरळ होतं. आत्या खिडकी शेवटी लिहिणार, चिमणी शेवटचंच सांगणार, आत्या तिकडे निघणार. मदतगाडी पूर्वेला निघाली. दूरनियंत्रणाचा दांडा कुलथ्यांच्याच हातात होता. "चौदातले तेरा," ते दर अर्ध्या तासाने म्हणत, "एक किलोमीटर हातात राहतो फक्त." तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा मॅडमनी त्यांच्यासमोर चहाचा कप आपटला.

सहा तास! शाळेत असते तर तेवढ्यात मराठी, गणित, हिंदी, मधली सुट्टी, विज्ञान, सगळं झालं असतं. उर्वीने डबा उघडला. पोळी-भाजी चिवडली. डब्याच्या कोपऱ्यात आईने एक कंदी पेढा ठेवला होता. तो काही तिला खाववेना. तिने त्याच्यावर डब्याची छोटी वाटी पालथी घातली आणि झाकण लावलं.

मनात मात्र भुंगा. आत्याने आज घाबरून वेगळंच लिहिलं असेल तर? चौतीसातले ते तीन प्रसंग होतेच की.

तीन वाजून बत्तीस मिनिटांनी मदतगाडी खिडकीशी पोचली. पडद्यावर करडा उतार, त्यावर झगझगीत ऊन, आणि खाली शाईसारखा काळा बोगदा. काळ्यात काहीच नव्हतं.

तीन चाळीस. काही नाही.

तीन पन्नास. कुलथे "एक किलोमीटर" म्हणाले नाहीत. ते कोणाला आवडलं नाही.

तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी काळ्याच्या तळाशी एक पिवळा ठिपका दिसला. तो थांबला. हलला. मग त्याचे दोन दिवे झाले, आणि गोगलगायीच्या वेगाने धुळीने माखलेली चांद्रगाडी उन्हात आली. मोडका मनोरा तिच्या टपावर लोंबत होता. कुलथ्यांनी आरोळी ठोकली ती खालच्या कँटीनपर्यंत गेली म्हणतात. मुजावर मॅडमनी उर्वीला इतकं घट्ट धरलं, की चष्म्याची दांडी तिच्या गालात रुतली.

मदतगाडीचा मनोरा जोडला गेला आणि खरखरीतून आवाज आला, "सलमा मॅडम, चहा ठेवा. मी आले."

"आत्या!"

चंद्रावर शब्द जाऊन परत यायला अडीच सेकंद लागतात. ते अडीच सेकंद संपता संपेनात.

"काय गं टवळे. बोलावलं ना तुला? मला वाटलंच."

"आत्या, चिमणीने खिडकीच सांगितली ना? आम्हाला पण तेच सांगितलं! तू तिसरी लिहिलीस ना खिडकी?"

अडीच सेकंद. मग आत्याचं हसणं आलं.

"चिमणी? अगं, दरड पडल्यावर पहिलं काम तिला बंद केलं मी. ती बॅटरी किती खाते माहितीय? तिला नकाशे चाळायला लावलं असतं तर दीड किलोमीटर तिथेच गेला असता. मग तेरा कसले येतेय मी?"

कुलथे सावकाश खाली बसले. "म्हणजे तुम्ही तिला काही विचारलंच नाहीत?"

"नाही हो."

"मग आमचं सगळं गणित..." मॅडमचं वाक्य तुटलं. बहुधा आयुष्यात पहिल्यांदा.

"गणित बरोबर आहे तुमचं. तेच मी इथे केलं, फक्त उलट्या टोकाने. म्हटलं, मी कुठं जाईन हे कळायला तुम्ही चिमणी काढणार. म्हणजे उर्वीला बोलावणार. ती सहावीच आवृत्ती घेणार, माझ्यासारखं बोलून बघणार. चिमणी तिसऱ्यावर बोट ठेवणार. मग प्रश्न उरतो, आत्या तिसरं काय ठेवते. ते कोणाला माहीत नाही आमच्या घरात?"

"थांब, थांब," उर्वी म्हणाली. तिचे कान पुन्हा तापले होते. "चिमणी तिसरं निवडते हे तुला कसं माहीत?"

"भांडार उघडं असतं ना तुमचं? सहावी आणि सातवीच्या प्रश्नपेट्या शेजारीशेजारी ठेवून पाहिल्या, तीन महिने झाले. एकीत क, क, क, क, नुसती कावळ्यांची शाळा भरल्यासारखी. दुसरीत सगळं नीट वाटलेलं. आणि खाली काय? 'किरकोळ सुधारणा'! तांबटांच्या घरात कोणी किरकोळ म्हटलं, की काहीतरी मोठं फुटलंय समजायचं."

"मग बोलली का नाहीस मला?"

"तू कधी बोलतेस याची वाट बघत होते."

खोलीत सगळे उर्वीकडे बघत होते. तिला टेबलाखाली जावंसं वाटलं, आणि त्याच वेळी टेबलावर चढून नाचावंसंही.

"तेरा किलोमीटर एकच धाकधूक होती बघ," आत्याचा आवाज जरा खाली आला. "बाकी सगळं ठरल्यासारखं होणार होतं. पोरीने खरं सांगितलं नाही, तर कुलथे सर गाडी उत्तरेला काढणार."

कुलथे खाकरले. "काढलीच होती जवळजवळ."

"मग? निघताना पाच मिनिटं विचार केला मी. सांगेल की नाही सांगणार? आणि म्हटलं, सांगेल. अन् वळवली गाडी."

उर्वी म्हणाली, "आत्या, पाचच मिनिटं?"

"चार असतील. एक मिनिट रस्ता सोडून पृथ्वीच आठवत होते."

संध्याकाळी, डब्यात वाटीखाली ठेवलेल्या पेढ्याची गोष्ट आत्याला सांगून झाल्यावर, जीप घाट उतरायच्या आधी उर्वीने लॅपटॉप पुन्हा उघडला. भांडारातली सातव्या आवृत्तीची नोंद काढली. जुने शब्द तिथून पुसता येत नाहीत, फक्त खाली भर घालता येते, तसा नियमच आहे. 'किरकोळ सुधारणा'च्या खाली तिने लिहिलं, 'ही सुधारणा किरकोळ नाही. सहाव्या आवृत्तीत पर्याय सारखे वाटले की प्रारूप तिसराच निवडतं. प्रश्न तपासायचं काम माझं होतं, ते मी नीट केलं नाही. ज्यांच्याकडे अजून सहावी आहे त्यांनी बदलून घ्या. उर्वी तांबट, दहावी ब.'

तिने नोंद पाठवली. पाठवल्यावर छातीत इतकं मोकळं वाटलं, की तिने ड्रायव्हरकाकांना विनाकारण "चला काका, चला!" म्हणून घाई केली.

जीप पहिल्या वळणाला पोचली तोच लॅपटॉप टुणकन वाजला. नोंदीखाली पहिला अभिप्राय आला होता. पत्ता चांद्रगाडीचा.

'वाचलं. वाटीखालचा पेढा पाठवता येत नाही, तेव्हा तू खा. पण जेवण झाल्यावर.'

उर्वीने डब्याचं झाकण उघडलं, वाटी उचलली आणि घाट संपायच्या आत पेढा तोंडात टाकला. जेवणाआधीच खाल्ल्याचं आत्याला सांगायची नोंद तिने मनात करून ठेवली. किरकोळ.